गाळा नंबर चारवर कोणाची हरकत?

२२ नोव्हेंबर २००८
दुकानातून

महनूरचे अब्बा,

सलाम. तब्येत विचारत नाही. सुरतेत दिवसभर फोमच्या गाद्या करणाऱ्या माणसाची पाठ चांगलीच असंन.

तुमचा फोन लागत नाही. एक बाई गुजरातीत काहीतरी बोलते अन बंद होते. महनूर म्हणते, अम्मी, अब्बांनी नंबर बदलला असंन. म्हटलं, माणूस बदलला तिथं नंबराचं काय घेऊन बसली! म्हणून चिठ्ठी लिहून राह्यली. उर्दू तुम्हाले येत नाही, मले तुमच्याहून कमी येते. दोघांनी एकाच मराठी शाळेत मार खाल्ला, तं मराठीतच लिहिते.

काम असं आहे. पंचायतीच्या गाळ्याच्या भाड्याचा चेक परत आला.

दोन वर्षांमागं जाताना तुम्ही कोरे चेक सही करून पिठाच्या डब्यामागं ठेवले होते, "भाड्याले वापर, दुसऱ्या कशाले हात लावू नोको" म्हणून. त्यातला एक मी या खेपेच्या भाड्याले दिला. अक्षर महनूरनं काढलं. अन चेक पंचायतीनं बँकेत टाकायच्या आधी मी स्वतः जाऊन तुमच्या खात्यात पैसे भरले. मी काही बह्याड नाही. पावती माह्याजवळ आहे. तरी चेक परत आला.

पंचायतीचा चपराशी भर बाजारात येऊन ओरडला, "भाभी, तुमचा चेक बाउन्स झाला, साहेबानं बोलावलं." समोर अंबूबाई भाजी घेऊन बसते, तिच्या हातातली मेथीची जुडी हातातच राह्यली. गिऱ्हाइकासमोर मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेली पंचायतीत. ग्रामसेवक वानखडे साहेबांना म्हटलं, पैसे आहेत खात्यात, ही घ्या पावती. त्यांनी बँकेची चिठ्ठी पुढं केली. त्यावर पैसे नाहीत असं नव्हतंच. लिहिलं होतं, चेक देणाऱ्यानं पैसे द्यायचे थांबवले. चेक देणारा म्हणजे तुम्ही.

मी म्हटलं, साहेब, बँकेची चुकी असंन. माहा माणूस भांडते, रुसते, भरलं ताट सरकवून उठून जाते, पण माह्या पोटावर पाय देणार नाही. असं मी तुमच्या बाजूनं बोलली. आता तुम्ही सांगा, मी खरं बोलली का खोटं?

आपलं भांडण मशीनवरून झालं. कापूस पिंजायची मशीन भंगारात काढू, फोम आणून विकू, असं तुम्ही म्हटलं, अन मी नाही म्हटलं. अजूनही नाहीच म्हणते. पण त्या भांडणाचा राग गाळ्यावर काढू नका. गाळा गेला तं मशीन ठेवू कुठं? घरी सिंगल फेज आहे, तिथं ती मोटर घुर्र सुद्धा करणार नाही.

लवकर या नाहीतं लवकर लिहा.

शबाना


१४ डिसेंबर २००८
दुकानातून

महनूरचे अब्बा,

बकरी ईदले तुम्ही याल म्हणून मी शीरखुर्म्याचं सामान आणून ठेवलं होतं. बकरी ईदले शीरखुर्मा कोण करते, असं म्हणू नका. तुम्हाले आवडते म्हणून आणलं. महनूर मोटार स्टँडवर दोनदा जाऊन आली. धाड गावाकडून येणाऱ्या जीपासुद्धा पाहून आली. मले म्हणे, सहज गेली होती.

आता ऐका, माही काय गत झाली.

मी रोख पैसे घेऊन पंचायतीत गेली. भाडं, दंड, बँकेचा खर्च, सगळं रुमालात बांधून. साहेबासमोर रुमाल सोडला. म्हटलं, घ्या अन पावती फाडा. साहेब म्हणे, "घेता येत नाही."

या अल्लाह! आजवर सरकारी माणूस पैसे मागताना पाह्यला होता. पैसे घेता येत नाही म्हणणारा पहिल्यांदा पाह्यला.

त्यांनी समजावून सांगतलं, माणूस वाईट नाही. पंचायतीचा जुना ठराव आहे. खात्यात पैसे कमी पडून चेक परत आला तं दंड भरायचा, गोष्ट खतम. माणसाची अडचण असते, पंचायत समजून घेते. पण देणाऱ्यानं स्वतःहून चेक थांबवला तं दंड जास्त, अन वरून ते "जाणूनबुजून" मध्ये मोडते. मंग ज्याच्या नावावर गाळा आहे, त्यानंच सभेपुढं येऊन लेखी द्यायचं, काऊन थांबवला ते. तोपर्यंत त्या गाळ्याचं भाडं घ्यायचं नाही. घेतलं तं साहेबाची नोकरी जाईन. अन भाडं थकलं तं गाळा काढून घ्यायचा.

म्हणजे मी पैसे घेऊन उभी, ते घ्यायले तयार नाहीत, अन घेतले नाहीत म्हणून थकबाकीदार मीच. खातं रिकामं असतं तं मी सुटली असती! पैसे नसते तं रडली तरी असती. पैसे हातात असून काय करू ते सांगा.

मी खूप बोलली. म्हटलं, साहेब, मशीन मी चालवते, भाडं मी भरते, गादी मी शिवते, मंग खुलासा त्याचा कायले? साहेब म्हणे, कागदावर शेख मतीन आहे, शबाना नाही. मी तशीच रुमाल बांधून परत आली. दुकानात येऊन तो दिवसभर कमरेले खोसून काम केलं, अन प्रत्येक वेळी वाकली की टोचत होता.

धंद्याचं विचारलं नाही तुम्ही, तरी सांगते. बीटीच्या कापसाची गादी चांगली होत नाही, हे मी तुम्हाले आधीपासून सांगून राह्यली. लांब धाग्याचा कापूस मशीनीत गोळे धरते, गादी एका पावसाळ्यात बसून जाते. देशी कापूस आता कोणी पेरतच नाही, लोणार भागातून एक म्हातारा आणून देते तेवढाच. अन गिऱ्हाईक कसं आहे ते ऐका. लग्नं पुढं ढकलून राह्यले लोक. यंदा माह्या हातून लग्नापेक्षा तेरवीत दान द्यायच्या गाद्या जास्त गेल्या. जवान माणसांच्या तेरवीच्या. घरची बाई येते, माप सांगते, अन भाव करत नाही. भाव न करणारं गिऱ्हाईक मले नोको वाटते. परवा एक आली, वयानं महनूरपेक्षा थोडीच मोठी. मी मजुरी घेतली नाही. तुम्ही असते तं ओरडले असते, अन मंग तुम्हीही घेतली नसती.

पुढची सभा जानेवारीत आहे. तिच्या आत तुम्ही येऊन दोन ओळी लिहून द्या. मले काही नोको, माफी पण नोको. फक्त या.

शबाना


९ जानेवारी २००९
दुकानातून

महनूरचे अब्बा,

तुमची चिठ्ठी मिळाली. वाचून मी हसली. इतकी हसली की महनूरनं पाणी आणून दिलं. मंग रडली, ते तिनं पाह्यलं नाही.

तुम्ही लिहिता, खोलीच्या डिपॉझिटसाठी खात्यातले पैसे तुम्हीच काढले होते. मंग ध्यानात आलं की भाड्याचा चेक आता जाईन अन बाउन्स होईन. गावात इज्जत जाईन. म्हणून तिथल्या शाखेत जाऊन, फी भरून, तुम्ही आधीच चेक थांबवला. "थांबवलेला चेक म्हणजे बाउन्स नाही, कोणाले तोंड दाखवायची चोरी नाही. तुले काळजी नोको म्हणून कळवलं नाही."

वा रे वा! वाह मियाँ! बाउन्स झाला असता तं पंचायतीनं दंड घेऊन सोडलं असतं. इज्जत वाचवायले गेले अन नेमकं तेच केलं ज्याले माफी नाही. अन पैसे तं मी टाकलेच होते. तुम्ही थांबवला त्याच हप्त्यात टाकले. एक मिस कॉल दिला असता! मी पलटून केला असता, माह्या पैशानं केला असता.

पण एक खरं सांगते. चिठ्ठी वाचायच्या आधी मले वाटत होतं की तुम्ही मुद्दाम केलं. गाळा जावा, शबाना लाचार व्हावी, अन गाठोडं बांधून सुरतेले यावी, म्हणून केलं. तसं नव्हतं हे कळलं तेव्हा छातीवरचा दगड उतरला. राग तसाच आहे. दगड उतरला एवढंच सांगते.

आता पुढचं. तुम्ही लिहिता मालक सुट्टी देत नाही, गेलो तं जागेवर दुसरा माणूस लावते. बरोबर आहे. पण माहं काय? माह्या जागेवर कोणाले लावणार? सभा पंचवीस तारखेले आहे. सुरतेहून रात्रीची गाडी धरली तं दुसऱ्या दिवशी तुम्ही गावात असता. एक दिवस लागते. सही करा, महनूरले तोंड दाखवा, अन परत जा. मी थांब म्हणणार नाही.

अन इज्जतीचं म्हणाल, तं कारखान्यात हेल्पर आहात हे गावाले माहीत आहे. तुम्ही सांगतलं होतं सुपरवायझर. मी कोणाले काही बोलली नाही. तुमच्या खोलीत राहणारा खानदेशी पोरगा शेगावले दर्शनाले आला होता, तिथून धाडच्या कोणाले बोलला. तेव्हा त्या शरमेनं येत नसाल तं येऊन जा. इथं कोणी हसत नाही. हसायले इथं कोणाले फुरसत आहे?

शबाना


३ फेब्रुवारी २००९
दुकानातून

महनूरचे अब्बा,

तुम्ही आले नाहीत.

सभा झाली. गाळा नंबर चार काढून घ्यायचं ठरलं. सतरा तारखेले पंचायतीच्या सभागृहात लिलाव आहे. कृषी केंद्रवाले माणिकराव बोली लावणार, त्यांना बियाण्याच्या थैल्या ठेवायले जागा पाह्यजे. मी म्हटलं, मीही लावते, पैसे तं रुमालात पडूनच आहेत. तेव्हा साहेबानं ठरावाची खालची ओळ वाचली. थकबाकीदार अन त्याच्या घरचं माणूस, कोणालेच बोली लावता येत नाही. तीन वर्षं.

घरचं माणूस म्हणजे कोण, मी विचारलं. साहेब म्हणे, बायको, पोरं, एका चुलीवर जेवणारे. मी म्हटलं, साहेब, तो तं सुरतेत मेसवर जेवते! सगळे हसले. साहेब पण हसले. पण लिहिलेलं ते लिहिलेलंच.

आता माही चहूकडून कोंडी झाली आहे. तुमची बायको म्हणून भाडं भरता येत नाही, कारण मी तुम्ही नाही. अन बोली लावता येत नाही, कारण मी तुमची आहे. त्या दिवशी मनात काय काय आलं ते लिहीत नाही. काझीसाहेबांच्या दारापर्यंत गेली होती, एवढं सांगते. दाराशी त्यांच्या बकऱ्या बांधल्या होत्या, त्या पाहत उभी राह्यली अन परत आली.

मी अर्ज भरला आहे. कसा भरला ते विचारू नका. साहेबानं पाह्यला अन ठेवून घेतला. माणिकरावालेही माहीत आहे. साऱ्या बाजाराले माहीत आहे. तुम्हाले सांगणार नाही. तुम्हाले वाईट वाटंन, अन सध्या तुमचं वाईट वाटणं सांभाळायची ताकद माह्यात नाही.

तुम्ही आता येऊ नका. जेव्हा बोलावलं तेव्हा आले नाहीत. चारचौघात एकदा उभं राहून म्हटलं असतं, ही माही बायको आहे, हिचा काही दोष नाही, तं मले दंडाचंही काही वाटलं नसतं. आता माहं मी पाहून घेईन.

महनूर सलाम सांगते. तिचं दहावीचं वर्ष आहे, याद असंन.

शबाना


१८ फेब्रुवारी २००९
घरातून, दुपारी

महनूरचे अब्बा,

तुम्ही बाहेर ओट्यावर बसले आहात अन मी आत बसून तुम्हाले चिठ्ठी लिहून राह्यली. बोलायले गेली तं भांडण होईन, अन जे सांगायचं ते राहून जाईन. काल काय झालं ते तुम्हाले कोणीच सांगत नाही. सकाळी तुम्ही अंबूबाईले विचारलं, "शबानाची बोली काऊन रद्द झाली?" तं ती टोपली उचलून चालती झाली. म्हणून आता मी सांगते. पूर्ण वाचा. मधात उठू नका.

अर्जावर मी माहं नाव शबाना शेख मेहबूब असं लिहिलं होतं. माह्या अब्बांचं नाव. शाळेच्या दाखल्यावर तेच आहे, अन माह्या जुन्या बचत गटाच्या पासबुकावरही तेच आहे. पतीचं नाव विचारलं होतं, ती जागा कोरी सोडली. साहेब मले म्हटले होते, "बाई, मी कागद ओळखतो, माणूस ओळखत नाही. कागदावर मतीन कुठं नाही. पण बोली संपताना मले विचारावं लागते, कोणाची हरकत आहे काय म्हणून. कोणी तोंड उघडलं तं माह्या हातात काही राहत नाही."

सगळ्या बाजाराले माहीत होतं मी कोणाची बायको आहे. आपल्या निकाहाचं जेवण अर्ध्या गावानं खाल्लं आहे! पण कोणी बोलायचं नाही असं ठरलं. बैठक झाली नाही, काही नाही, असंच ठरलं. माणिकराव सकाळी दुकानात येऊन म्हटले, "वहिनी, मी माह्या परीनं बोली लावीन, गाळा मले पाह्यजेच. पण हरकत घेणार नाही. तसा गाळा मले नोको." अंबूबाईनं भाजीवाल्या सगळ्या बायांना आणून मागं बसवलं. म्हणे, कोणाची जीभ वळवळली तं आम्ही आहोत.

बोली सुरू झाली. माहा आवाज चांगला निघाला. माणिकराव चढवत गेले, मी चढवत गेली. मंग त्यांनी हिशेब केला, मान हलवली, अन खाली बसले. साहेब म्हटले, एक वार. दोन वार. मंग कागदावर पाहत म्हटले, "शबाना शेख मेहबूब यांच्या नावावर कोणाची हरकत?"

 कोणी खोकललं नाही. मी जमिनीकडं पाहत होती. मले वाटलं, झालं. आता झालं.

अन दारातून तुमचा आवाज आला.

"थांबा साहेब! मी आलो! ही माही बायको आहे, हिचा काही दोष नाही! जो दंड असंन तो मी भरतो!"

मी मान वर केली. तुम्ही दारात उभे, खांद्यावर थैली, एसटीची धूळ केसापर्यंत, अन तोंडभर हसू. नोकरी सोडून आले होते, ते मले नंतर कळलं. माही चिठ्ठी वाचून आले होते. मी लिहिलं होतं तेच शब्द म्हटले, एक शब्द इकडचा तिकडं नाही. दोन वर्षांत तुम्ही माहं एवढं ऐकलं नव्हतं, अन ऐकलं ते नेमकं कधी! माहीही चूक आहे. अर्ज कसा भरला ते लिहिलं असतं तं तुम्ही दाराबाहेर चूप बसले असते. तुम्हाले वाईट वाटू नये म्हणून मी लपवलं. तुम्ही माही इज्जत सांभाळायले चेक थांबवला, मी तुमची सांभाळायले नाव लपवलं. आता बसू दोघं सांभाळत.

 मागच्या बायांमधून कोणीतरी "अव माय" म्हटलं. साहेबानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनाही ते नोको होतं, मी त्यांचं तोंड पाह्यलं. तुमच्याकडं न पाहता त्यांनी मले विचारलं, "बाई, मले लिहावं लागते. हा माणूस तुमचा कोण लागते?"

मी ओळखत नाही म्हटलं असतं, तं साहेब तीन वार म्हणून मोकळे झाले असते. त्यांनी प्रश्न असा विचारला तो त्यासाठीच विचारला. अंबूबाईनं मागून माही ओढणी ओढली. माणिकरावसुद्धा खाली पाहत राह्यले, जसं काही ऐकलंच नाही. अख्खा बाजार माह्यासाठी खोटं बोलायले तयार बसला होता, फक्त पहिलं खोटं मले बोलायचं होतं. अन ते काही मोठं नव्हतं. दोन वर्षं तुम्ही नव्हतेच. मी मनातल्या मनात शंभरदा म्हटलं होतं, कोण मतीन, कुठला मतीन.

तुम्ही हसत होते. तुम्हाले काहीच माहीत नव्हतं. माह्याकडं असे पाहत होते जसं मी शाबासकी द्यावी. त्या तोंडावर मले "ओळखत नाही" म्हणता आलं नाही. ते तुमच्यासाठी केलं असं समजू नका, महनूर दारात तुमच्या मागं उभी होती, तुमच्या थैलीचा बंद धरून. मी म्हटलं, "नवरा."

साहेबानं लिहिलं, अर्जदार थकबाकीदाराची पत्नी, बोली बाद. गाळा माणिकरावांच्या नावावर झाला. त्यांनी मान वर करून पाह्यलं सुद्धा नाही. मशीन या हप्त्यात उचलायची आहे, अन घरात तिच्यासाठी जागा नाही, फेज नाही, अन तीन वर्षं मले दुसऱ्या गाळ्याच्या दाराशीही उभं करणार नाहीत. तुम्ही सकाळी म्हटलं, "आता इथं काय राह्यलं, चल सुरतेले." खरं आहे, इथं काही राह्यलं नाही. पण मी तिथं येऊन फोम कापीन, तुमची नोकरी गेली तं दोघं मिळून दुसऱ्याच्या दारात काम मागू, हे तुम्ही एवढ्या आनंदानं म्हणू नका. मले यावं लागंन तं येईन. येते म्हणून खूश आहे असं समजू नका.

अन आणखी एक. मी "नवरा" म्हटलं अन ओढणी तोंडावर घेतली. तेव्हा तुम्ही बाजूच्या माणसाले म्हटलं, "पाहा, अजून लाजते."

लाजली नव्हती मी. गाळा हातातून जाताना तोंड कुठं लपवावं ते मले सुचलं नव्हतं. हे समजलं असंन तं आत या, भाकर झाकून ठेवली आहे. नसंन समजलं तं तिथंच बसा अन पुन्हा वाचा.

शबाना